पूर्वपक्षाची वही

कार्तिकीची वारी करून नुकतेच परतलेले एक शेतकरी गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का आणि हातात आपल्या मुलाची निबंधाची वही, असे एके दिवशी दिवेलागणीला माझ्या ओसरीवर येऊन बसले, आणि पुढ्यातला चहा तसाच निवत ठेवून त्यांनी मला जो प्रश्न विचारला त्याने पुढे कित्येक दिवस माझ्या मनाचा पिच्छा सोडला नाही. मी त्या वेळी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेवर मराठी शिकवीत असे. नववीच्या वर्गाला वादात्मक निबंधाची ओळख करून देताना मी विषय घातला होता, ग्रामदेवतेच्या जत्रेतील पशुबळी बंद व्हावा की न व्हावा. आणि कोणी कोणती बाजू मांडावी हे मुलांच्या आवडीवर न सोपविता चिठ्ठ्या टाकून ठरविले होते. या माळकऱ्याच्या मुलाच्या वाट्याला ‘बंद होऊ नये’ ही चिठ्ठी आली.

“गुरुजी,” ते म्हणाले, “आमच्या घरात तीन पिढ्या माळ हाय. आन् पोराच्या हातनं तुमी सुरीची बाजू लिहून घेतली.”

मी त्यांना तात्या म्हणत असे. “तात्या,” मी म्हणालो, “त्याचं मत तसं आहे असं कोणी म्हणत नाही. हा बुद्धीचा व्यायाम आहे.”

“व्यायामच आसंल. पर शिकलेली मानसं येका तोंडानं दोन गोष्टी बोलत्यात, त्ये आमी चावडीत बघितलंय, कोर्टात बघितलंय. आमच्या पोराला दोन जिभा कशापायी देताय?”

एवढे बोलून ते उठले, वही माझ्याच हाती ठेवली, “तुमीच वाचा परत,” म्हणाले आणि अंधारातून घरी गेले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मी सहज निभावून नेले असते. मी दिलेले उत्तर त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते, आणि पोचावे असे त्यात काही नव्हतेही, हे मला त्यांची पाठ वळताच कळून चुकले. त्यांनी विचारलेला प्रश्न शिक्षणखात्याच्या अभ्यासक्रमातला नव्हता, धर्मातला होता: ज्याला सत्याने चालावयाचे आहे, त्याने आपल्याला न पटलेली गोष्ट दुसऱ्याला पटवून देण्याची विद्या शिकावी काय, आणि ती लेकरांना शिकविणाऱ्याच्या माथी काही पातक येते काय?

हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस वक्तृत्वविद्येला पाककौशल्याच्या पंक्तीला बसवितो. स्वयंपाकी जसा जिभेला रुचेल ते पुढे करून वैद्याचा आव आणतो, तसा वक्ता सभेला रुचेल ते बोलून न्यायाचा आव आणतो, असा त्याचा आरोप आहे. परंतु या आरोपाची धग ज्याला प्रत्यक्ष आपल्या उपजीविकेत जाणवली असा एक मनुष्य मला त्या रात्री वारंवार आठवत राहिला. तो म्हणजे उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावी 354 साली जन्मलेला ऑगस्टीन, जो पुढे हिप्पो येथील बिशप झाला आणि ख्रिस्ती धर्मपरंपरेतील थोर आचार्यांत गणला गेला. त्याआधी तो माझ्याच धंद्यातला होता. कार्थेजला, मग रोमला आणि शेवटी मिलानला त्याने वक्तृत्वाचे अध्यापन केले, आणि मिलान येथे तर ते पद राजाश्रयाचे होते. आपल्या आत्मनिवेदनात त्याने एक प्रसंग सांगितला आहे. सम्राटाच्या स्तुतिपर भाषण करावयाचे होते; त्या भाषणात खोटे पुष्कळ असणार हे त्याला ठाऊक होते, ऐकणाऱ्यांनाही ठाऊक होते, आणि खोटे जितके सफाईने बोलावे तितकी वाहवा अधिक. त्या चिंतेने ग्रासलेला असा तो मिलानच्या एका गल्लीतून जात असता, दोन घोट पोटात गेल्याने खुशीत येऊन थट्टामस्करी करीत असलेला एक भिकारी त्याने पाहिला, आणि या भिकाऱ्याने चार नाण्यांत जे सुख मिळविले ते आपल्याला एवढ्या विद्येने आणि एवढ्या लबाडीने मिळू नये, या विचाराने तो जागच्या जागी खचला. 386 साली त्याने ते पद सोडले; तेही गाजावाजा न करता, द्राक्षांच्या हंगामाची सुट्टी लागेपर्यंत दिवस काढून. आपण शब्दांची विक्री करणारे होतो, अशा शब्दांत त्याने पुढे त्या आयुष्याचा जमाखर्च मांडला.

कथा येथेच संपली असती तर तात्यांच्या बाजूने निवाडा झाला असता. परंतु तोच ऑगस्टीन, वार्धक्यात, ख्रिस्ती उपदेशासंबंधीच्या आपल्या ग्रंथाचा चौथा आणि शेवटचा भाग सुमारे 426 साली पुरा करताना, याच विद्येची बाजू घेऊन उभा राहिला. असत्याच्या कैवाऱ्यांनी श्रोत्यांची मने हलवावी, त्यांना प्रसन्न करावे, गोष्ट थोडक्यात आणि स्पष्ट सांगावी, आणि सत्याच्या कैवाऱ्यांनी मात्र ती अशी कंटाळवाणी आणि गुंतागुंतीची सांगावी की ऐकणाऱ्याने जांभई द्यावी, हा कोठला न्याय, असे त्याचे म्हणणे. सत्य निःशस्त्र का असावे, हा त्याचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. तरीही तात्यांच्या शंकेचे त्याने पूर्ण समाधान होत नाही. कारण शस्त्र सत्याच्या हातीच राहील याची हमी कोण देणार?

याचे उत्तर मला ज्या ठिकाणी सापडेल असे वाटले नव्हते तेथे सापडले. पतंजलीच्या योगसूत्रांवर व्यासांचे म्हणून जे भाष्य आहे, त्यात यमांचे विवेचन करताना सत्याची व्याख्या दिली आहे. जसे पाहिले, जसे अनुमानिले, जसे ऐकले, तसेच मन आणि तशीच वाणी असणे म्हणजे सत्य, एवढे सांगून भाष्यकार थांबले असते तर ती कोणीही केली असती अशी व्याख्या झाली असती. पण ते पुढे म्हणतात की वाणी बोलावयाची ती आपल्या ठायी झालेला बोध दुसऱ्याच्या ठायी उतरविण्यासाठी. म्हणून ती फसविणारी नसावी, भ्रमाने भरलेली नसावी, आणि प्रतिपत्तिवंध्य नसावी, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ठिकाणी समजुतीचे मूल जन्माला न घालणारी अशी वांझ नसावी. शिवाय तिने भूतमात्राचे हित व्हावे, घात होऊ नये. सत्याच्या व्याख्येतच श्रोता आणून बसविणारे हे भाष्य वाचताना मी दिव्याची वात वर केली. खरे असूनही जे पोचत नाही ते सत्यव्रतात उणे ठरते, असा याचा अर्थ. आणि तसे असेल तर वाक्य नीट बांधणे, दाखला योग्य जागी देणे, शब्द ऐकणाऱ्याच्या समजुतीचा निवडणे, ही सगळी आमच्या निबंधाच्या तासाची कामे सत्याच्या बाहेरची शोभेची कामे राहत नाहीत. मी तात्यांना ‘बुद्धीचा व्यायाम’ असे जे उत्तर दिले, ते भाष्यकारांच्या कसोटीवर अगदी वांझ वाक्य होते.

वाचस्पतिमिश्रांनी या भाष्यावरील टीकेत फसविणाऱ्या वाणीचे उदाहरण दिले आहे ते युधिष्ठिराचे. अश्वत्थामा मेला हे शब्द खरे होते, कारण त्या नावाचा हत्ती मेला होता. आणि द्रोणाचार्यांच्या अंतःकरणात उतरले ते संपूर्ण असत्य होते. महाभारतकारांनी तर धर्मराजाचा रथ, जो भूमीला न शिवता चार अंगुळे वरून चालत असे, तो त्या क्षणी खाली टेकविला. आपल्या मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार आपण सावध, कोणाचीच बाजू न घेणाऱ्या माणसाबद्दल इतक्या सैलपणे वापरतो की त्यामागे एका बापाला मारलेल्या वाक्याची कथा आहे हे विसरून जातो. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना विचारीत असे, यात खोटा शब्द कोणता ते दाखवा. मुले शोधीत राहत, सापडत नसे. मग एखादी मुलगी मागच्या बाकावरून म्हणे, “गुरुजी, शब्द खोटा नाही, आवाज खोटा आहे,” आणि माझा तो तास सार्थकी लागे.

वाक्यांतील कपट कोठे लपते हे ओळखण्याच्या शास्त्राला पाश्चात्त्यांनी मोठ्या योग्यतेला नेले. ॲरिस्टॉटलने वक्त्याचे शील, श्रोत्यांचा मनोविकार आणि युक्तिवाद असे पटविण्याचे तीन मार्ग वेगळे करून दाखविले, आणि दोन्ही बाजू मांडता येणे का आवश्यक हेही सांगितले: वाईट गोष्ट लोकांच्या गळी उतरविण्यासाठी नव्हे, तर वस्तुस्थिती दिसावी आणि दुसरा कोणी युक्तिवादाचा अन्याय्य वापर करू लागला तर त्याला तोंड देता यावे म्हणून. पण आमच्या नैयायिकांनी याच कामासाठी जी अवजारे घडविली ती मुलांच्या हाताला अधिक बसतात, असा माझा अनुभव आहे. छल या प्रकाराचे त्यांचे ठरीव उदाहरण आहे नवकंबलाचे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. दुसरा म्हणतो, कोठे आहेत याच्या नऊ घोंगड्या, एकच तर दिसते! ‘नव’ हा शब्द मराठीतही नऊ आणि नवीन या दोन्ही अर्थी चालतो, म्हणून हा छल खेड्यातल्या पोराला एका क्षणात कळतो, आणि कळला की घरी, पारावर, ग्रामसभेत, निवडणुकीच्या भाषणात तो जिकडे तिकडे नऊ घोंगड्या मोजू लागतो. न्यायसूत्रकार वाद, जल्प आणि वितंडा असा भेद करतात. तत्त्व कळावे म्हणून गुरूशी, सहाध्याय्याशी, कल्याणेच्छूशी चालतो तो वाद; जिंकावे म्हणून चालतो तो जल्प; आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची पाडावयाची ती वितंडा. तरीही शेवटच्या दोहोंना त्यांनी सरसकट हद्दपार केले नाही. उगवत्या रोपाभोवती जशा काटेरी फांद्या लावाव्या तसा त्यांचा उपयोग, असे ते म्हणतात. बांधावर बाभळीचे शिरे रोवणाऱ्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. काटे खावयाचे नसतात, एवढे त्याला ठाऊक असते.

‘निबंध’ या शब्दाचाच इतिहास पाहिला तर पूर्वपक्ष, म्हणजे निर्णयाआधी मांडलेली विरुद्ध बाजू, त्याच्या हाडांत आहे असे दिसते. 1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू करण्यापूर्वी शतकानुशतके निबंध म्हणजे धर्मशास्त्रावरील संग्रहग्रंथ: देवगिरीच्या हेमाद्रीचा, 1612 सालचा कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’. एकेका तिथीविषयी, एकेका व्रताविषयी परस्परविरुद्ध वचने गोळा करावयाची, प्रत्येकाचे म्हणणे सांगावयाचे, आणि मग निर्णय द्यावयाचा, अशी त्यांची रीत. निबंध म्हणजे बांधणे. आणि बांधावयाचे तर एकाहून अधिक काही हाती असावे लागते.

माझ्या मनात त्याहूनही जवळचा धागा आहे तो मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांचा. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी छापलेल्या खंडांत या तंट्यांचे कागद आढळतात. दोन्ही पक्षांनी आपापली तकरीर, म्हणजे आपापले म्हणणे, लिहून द्यावयाची, होईल तो निवाडा मान्य असा राजीनामा द्यावयाचा, जामीन द्यावयाचा, साक्षीदारांनी शपथेवर जबानी द्यावयाची, मग गोतसभेने महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करावयाचा. यांतील एक कागद मला विशेष मोलाचा वाटतो: हरलेल्या पक्षाकडून घेतले जाणारे यजितखत, ज्यात तो आपला दावा खोटा ठरल्याचे कबूल करून देई. मी मुलांना वादात्मक निबंधाच्या शेवटी असे एक लहानसे यजितखत लिहावयास लावू लागलो: आपण ज्या बाजूने लिहिले तिच्यात कोणता मुद्दा लंगडा आहे आणि विरुद्ध बाजूचा कोणता मुद्दा आपल्याला पाडता आला नाही. हे पान लिहिताना मुलांची लेखणी सगळ्यांत सावकाश चालते.

अलंकारांची आणि युक्तिवादाची अशी तपासणी आपल्या प्रिय लेखकांवरही करावी लागते. तेथे खरी कसोटी लागते. विष्णुशास्त्र्यांची भाषा मी मुलांना पाठ करावयास दिलेली आहे. मराठी वाक्याला त्यांनी जो डौल आणि धार दिली तिचे ऋण आम्हा सर्वांवर आहे. परंतु जोतीराव फुल्यांच्या लेखनावर त्यांनी जी टीका केली तीही मी वर्गात वाचून दाखवी, आणि मुलांना विचारी: येथे उत्तर कोठे आहे आणि उपहास कोठे आहे ते पेन्सिलीने दोन रंगांत दाखवा. व्याकरणाच्या आणि भाषेच्या चुकांची टिंगल एका रंगाने भरून जाते. जातीने दडपलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न मात्र तसाच कोरा उरतो. हे दिसल्यावर विष्णुशास्त्र्यांविषयीचा आदर नष्ट होतो असे नाही, पण सुंदर वाक्याने आपल्याला कोठे हाताला धरून दुसऱ्याच वाटेने नेले, हे कळलेला मुलगा त्यानंतर स्वतःच्या सुंदर वाक्यांकडेही जरा थबकून पाहतो. गीतेने सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार सांगताना वाणीचे तप वेगळे सांगितले आहे आणि त्यात स्वाध्यायही घातला आहे, तो काही उगीच नव्हे. दुसऱ्याने लिहिलेल्या शब्दांत आपण कसे गुंतलो हे उकलून पाहणे हा मोह ओळखण्याचाच अभ्यास आहे.

मग दुसऱ्याची बाजू लिहिणे हे पातक की पुण्य? कुमारिलभट्टांची जी आख्यायिका ‘शंकरदिग्विजया’त आहे ती येथे फार उजेड पाडते. बौद्धमताचे खंडन करावयाचे तर ते आधी नीट समजले पाहिजे, म्हणून कुमारिल वेषांतर करून बौद्ध आचार्यांपाशी शिकले. उघडकीस आल्यावर त्यांना उंचावरून ढकलण्यात आले. पडता पडता ते म्हणाले, वेद जर प्रमाण असतील तर मी जगेन. ते जगले, पण त्या ‘जर’पायी आणि कपटाने विद्या घेतल्यापायी एक डोळा गेला, असे कथा सांगते. शेवटी प्रयागला त्यांनी तुषाग्नीत, म्हणजे कोंड्याच्या आगीत, देह ठेवला, तो गुरूशी केलेल्या द्रोहाचे प्रायश्चित्त म्हणून. विरुद्ध मत शिकणे, ते मनःपूर्वक समजून घेणे, याला कथेने कोठेही दोष दिलेला नाही. दोष दिला आहे तो आपण जे नाही ते आहोत असे भासविण्याला.

हे ध्यानात आले आणि मी तात्यांनी ठेवलेली वही पुन्हा उघडली. साठ वह्या तपासण्याच्या घाईत मी बळीवरच्या निबंधाचे पहिले पान वाचून गुण दिले होते, हे मला येथे कबूल केले पाहिजे. त्याच वहीत त्याआधीचा निबंध होता, ‘मी पाहिलेला समुद्र’. अथांग निळाई, फेसाळत्या लाटांचे तांडव, क्षितिजावर बुडणारा केशरी गोळा, आणि शेवटी निसर्गापुढे मानव किती क्षुद्र याचा साक्षात्कार. एकही चूक नव्हती. खाली लाल शाईत माझा शेरा होता, ‘सुंदर वर्णन’, आणि दहापैकी आठ गुण. या मुलाने घाट उतरलेला नव्हता, हे मला माहीत होते. ते वाक्य अन् वाक्य बाजारात मिळणाऱ्या गाईडातले होते, हेही मला माहीत होते.

आमची सगळी शंका वादात्मक निबंधावर, आणि वर्णनात्मक, आत्मवृत्तात्मक, ललित या प्रकारांना मात्र आम्ही निष्पाप समजतो. वस्तुतः असत्याची खरी शाळा तेथे भरते, असे मला आता ठामपणे वाटते. दुसऱ्याची बाजू मांडणारा मुलगा ‘ही बाजू अशी आहे’ एवढेच म्हणत असतो, आणि तशी ती असते. न पाहिलेला समुद्र पाहिल्याचे सांगणारा, न झालेला आनंद झाल्याचे सांगणारा मुलगा स्वतःच्या जिवाविषयी खोटी जबानी देत असतो, आणि तीही गुरूच्या आज्ञेने. हजारो मुलांच्या हातून आपण दर वर्षी ही जबानी लिहून घेतो, आणि ती जितकी सफाईदार तितके गुण अधिक देतो. मिलानच्या त्या राजस्तुतीहून हे वेगळे कसे?

बळीवरच्या निबंधाची पुढची पाने मी त्या रात्री प्रथम वाचली. पहिल्या पानावर रूढी, परंपरा, श्रद्धा हे नेहमीचे शब्द होते. पण दुसऱ्या पानावर मुलाने लिहिले होते की मला मुद्दे सुचेनात म्हणून मी वाड्यातल्या म्हातारीला विचारले. ती दर वर्षी देवीला बोकड देते. तिचा मुलगा लहानपणी तापाने गेल्यातच जमा होता, तेव्हा तिने नवस केला. ती म्हणाली, देवीनं मला जीव दिला, मी तिला फुलं देऊन कशी सुटू? ती बोकडाला सहा महिने हाताने पाला घालते आणि जत्रेच्या दिवशी जेवत नाही. मुलाने खाली लिहिले होते: मला बोकड मारणे आवडत नाही, पण बंद करा म्हणणाऱ्याने या म्हातारीने काय द्यावे तेही सांगितले पाहिजे.

रविवारी मी वही घेऊन त्यांच्या मळ्यावर गेलो. तात्या विहिरीच्या काठावर बसले होते. मी काही स्पष्टीकरण न देता ती दोन पाने मोठ्याने वाचून दाखविली. ते ऐकत असताना त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तेथेच राहिला.

“ही आमची चुलती,” ते बऱ्याच वेळाने म्हणाले. “येका भिंतीला भिंत हाय. दर साली मी तिच्या दाराम्होरनं तोंड फिरवून जातो.” मग थांबून म्हणाले, “जत्रेदिशी ती जेवत न्हाई, ह्ये मला म्हाईत नव्हतं. मी कवा इचारलंच न्हाई.”

त्यांनी वही माझ्याकडून मागून घेतली आणि अक्षर लावीत ती दोन पाने स्वतः पुन्हा वाचली. मग सावकाश मागची पाने उलटली, एका ठिकाणी थांबले, आणि बोट तेथेच ठेवून मान वर करून माझ्याकडे पाहिले.

“आन् गुरुजी, ह्यो समिंदर ह्यानं कवा बघितला?”